म्हापशातलं पार्लर, जिथे मला पहिल्या दिवशी केस न कापताच परत पाठवलं

माझे केस कमरेपर्यंत होते. दहावीच्या सुट्टीत एकदा खांद्यापर्यंत कापलेले, त्यानंतर वर्षातून दोनदा नुसती टोकं, बस. आता पस्तिशी आली. गेली दोन वर्षं डोक्यात एकच चाललेलं की बॉयकट करून टाकू का, आणि दर वेळी पार्लरच्या दारापर्यंत जाऊन परत यायचे. हे सगळं वाचणाऱ्यांत माझ्यासारख्या बऱ्याच असतील म्हणून जरा सविस्तरच लिहितेय.

पार्लर म्हापशात आहे, बोडगेश्वराच्या देवळाकडून मार्केटच्या दिशेने येताना एका जुन्या बिल्डिंगीत पहिल्या माळ्यावर. बाहेर फक्त 'लेडीज पार्लर' एवढाच बोर्ड, वेगळं नाव असं काही नाही, त्यामुळे शोधायला पहिल्यांदा त्रास होतो. दोन खुर्च्या, एक ताई आणि त्यांच्या हाताखाली एक मुलगी. ताई मूळच्या पेडण्याच्या, मराठी-कोंकणी मिसळून बोलतात, आणि हातात कात्री नसताना जास्त बोलतात, कात्री आली की गप्प. मला हे आवडलं.

आधी माझा प्रॉब्लेम सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी म्हापशाहून पणजीला रोज स्कूटरवर जाते. पणजीच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे त्यामुळे जुन्या मांडवी पुलावरून, आणि पावसात पुलावर जो वारा लागतो तो गोव्यात गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. सकाळी न्हायलं की एवढे केस सुकायला मला तीन तास लागतात, पावसाळ्यात तर सुकतच नाहीत. ओले केस बांधायचे, वरून हेल्मेट, वरून रेनकोटची टोपी. ऑफिसात पोचून सोडले की मुळाशी अजून ओलेच आणि एक कुबट वास. ओला केस सुक्यापेक्षा नाजूक असतो, ओढला की ताणतो आणि तुटतो, म्हणजे रोज ओल्याचा अंबाडा घालून मीच माझे केस तोडत होते. जून ते सप्टेंबर कोंडा हमखास. संध्याकाळी अंबाडा सोडला की टाळू दुखायची, हात लावला तरी दुखायची.

गेल्या वर्षी एका दुसऱ्या ठिकाणी (नाव लिहीत नाही) हेच सगळं सांगितलं होतं आणि केस आखूड करायचेत म्हटलं होतं. तिथे मला सांगण्यात आलं की मॅडम कापू नका, एवढे केस लोकांना मिळत नाहीत, स्मूदनिंग करा, सगळे त्रास जातील. साडेसहा हजार गेले. मशीन फिरवताना धुराने डोळे चुरचुरत होते, खिडकी उघडा म्हटलं तर एसी चालू आहे म्हणाले. अशा काही प्रॉडक्टमधून गरम केल्यावर फॉर्माल्डिहाइड सुटतं हे मी नंतर वाचलं, आधी वाचलं असतं तर उठून आले असते. दोन महिन्यांनी मुळाशी माझे मूळचे नागमोडी केस परत आले, खाली सरळ काड्या, आणि टोकं तुटायला लागली. सुकायला तेच तीन तास. म्हणजे मूळ त्रासाला कोणी हातच लावला नाही, आणि हे मला फार लागलं.

तर जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस नुकताच सुरू झालेला, मी ताईंकडे गेले. मैत्रिणीने सांगितलं होतं. खुर्चीत बसले आणि म्हटलं, बॉयकट करा, आजच करा. ताईंनी वेणी सोडली, सगळे केस पुढे घेतले, मागे घेतले, मानेवरून उलटे वर उचलले, डोक्याच्या मागे बोटाने काहीतरी शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन भोवरे आहेत गो तुला. माहीत आहे?" मला माहीतच नव्हतं! एवढ्या लांब केसांच्या वजनाखाली ते दबून गेलेले. केस आखूड झाले की वजन जातं आणि भोवऱ्यावरचे केस उभे राहतात, म्हणून तिथे थोडे लांब ठेवावे लागतात, त्या नादात बॉयकटचा आकारच बदलतो. मानेवरचे केसही माझे डावीकडून वर चढतात, ते पण त्यांनी आरशात दाखवलं.

मी नेटवर वाचलेलं ते पेन्सिलचं सांगितलं, म्हणजे हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायची, कानाच्या पाळीपासून पट्टी उभी धरायची, अंतर सव्वादोन इंचापेक्षा कमी आलं तर आखूड केस शोभतात. माझं अडीच आलेलं आणि त्यावरून मी सहा महिने थांबलेले. ताई म्हणाल्या, "पेन्सिल घरी ठेव. केस कसा उगवतो ते ती पेन्सिल सांगत नाही." मला हे शंभर टक्के पटलं. चेहरा लांबट असो की गोल, पुढचे केस किती ठेवायचे आणि कानावर किती आणायचे यावर ते सांभाळता येतं, पण भोवरा जिथे आहे तिथेच राहणार.

मग त्यांनी विचारलं, आजच का? मी म्हटलं, सकाळी पुलावर भिजले, कंटाळा आला. त्यावर म्हणाल्या, "घाई कित्याक? दोन आठवडे जा. चिडून आलेल्या बाईचे मी कापत नाही, रडून आलेलीचे तर नाहीच." एक रुपया घेतला नाही. घरी करायला दोन गोष्टी सांगितल्या. सगळे केस चापून मागे बांधायचे, कपाळावर कानावर एक बट नको, आणि तसंच बाजारात, ऑफिसात, देवळात फिरायचं, म्हणजे नुसता चेहरा घेऊन फिरायची सवय होते का ते कळतं. आणि जेव्हा जेव्हा 'कापून टाकू' असं वाटेल तेव्हा काय चाललं होतं ते लिहून ठेवायचं.

मी लिहिलं. चौदा दिवसांत अकरा वेळा वाटलं. त्यातले नऊ वेळा सकाळी, ओले केस, उशीर झालेला. एकदा टाळू दुखली म्हणून. आणि एकदा नवऱ्याशी वाजलं म्हणून. म्हणजे रागात फक्त एकदाच! हा कागद बघून मला स्वतःलाच जे बळ आलं ते कोणाच्या सल्ल्याने आलं नसतं.

मधल्या काळात माहेरी जाऊन आले. माहेर म्हार्दोळचं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, म्हार्दोळ जायांच्या, म्हणजे जाईच्या, फुलांसाठी प्रसिद्ध, म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते तेव्हा सगळं देऊळ वासाने भरून जातं. त्या गावातल्या मुलीची वेणी म्हणजे काय ते समजून घ्या. आई म्हणाली, मग चवथीला फाती (म्हणजे फुलांचा गजरा) कुठे माळणार? आईचं दुःख मला कळत होतं, दर रविवारी खोबरेल कोमट करून तिनेच तर हे वाढवले.

आजीचं मात्र वेगळंच निघालं. आजी अठ्ठ्याऐंशीची. सवाष्णीने केस कापू नयेत एवढंच म्हणून गप्प बसली, मी जरा रागावूनच विचारलं की का पण, तेव्हा तिने सांगितलं की ती लहान असताना त्यांच्या घरात वडिलांची आते होती, लहानपणीच नवरा गेलेली, लाल आलवण, आणि न्हावी यायचा तेव्हा तिला मागच्या पडवीत बसवायचे. आजीने दाराआडून एकदा बघितलेलं. "ती रडायची नाही गो, नुसती खाली बघायची." आजीच्या लेखी बाईचे केस जाणं म्हणजे ते. मी दोन वर्षं समजत होते की आजीला जुन्या वळणाचं म्हणून आवडत नाही. मी तिच्याजवळ बसून एवढंच म्हटलं की आजी, तिला कोणी विचारलं नाही, मी स्वतः जातेय. ती बराच वेळ माझी वेणी हातात धरून बसली. हो म्हणाली नाही, पण नको पण म्हणाली नाही.

दोन आठवड्यांनी परत ताईंकडे. आता मुख्य गोष्ट, कापलं कसं. धुवायला सांगितलंच नाही, उलट आदल्या दिवशी धुवून, पूर्ण सुके, तेल न लावता या असं सांगून ठेवलेलं. नागमोडी केस ओला असला की लांब दिसतो आणि सुकल्यावर आखडतो, ओल्यात मापाचा कापला तर घरी जाईपर्यंत अर्धा इंच वर जातो. आधी चार वेण्या घातल्या, प्रत्येकीला वर एक खाली एक रबर. वरच्या रबराच्या खाली कात्री लावली. मला वाटलेलं कच् करून तुटेल, तर तसं होत नाही, वेणी जाड असते, कात्री तीन-चारदा चावत जाते, वाळू दातांखाली यावी तसा आवाज येतो कानाजवळ. चारही वेण्या माझ्या मांडीवर ठेवल्या. घरी मोजल्या, १९ इंच लांब आणि किचनच्या काट्यावर १३० ग्रॅम. आकडा ऐकायला लहान वाटतो, पण मान इतकी हलकी झाली की मी उगाच दोनदा मागे वळून बघितलं.

मग केस हनुवटीशी आणून ताई थांबल्या. कात्री खाली ठेवली. म्हणाल्या, हा बॉबकट, छान दिसतोय, इथेच थांबायचं तर थांब, पैसे कमी घेईन. चहा मागवला. मी गॅलरीत उभी राहून चहा प्यायले, खाली पाऊस, मार्केटमधून बायका पिशव्या डोक्यावर धरून धावताहेत, मानेला वारा लागत होता. दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही, त्या मुलीने सुद्धा नाही. आत आले आणि म्हटलं, पुढे करा. या दहा मिनिटांसाठी मी या पार्लरला पाचात पाच देते.

पुढचं सगळं कात्रीने, रेझर लावला नाही कारण नागमोडी केसांची टोकं रेझरने चिरल्यासारखी होतात आणि आपल्या दमट हवेत फुलून उभी राहतात. फक्त मानेवर मशीन, तीन नंबर. भोवऱ्यांवर दोन इंच ठेवले आणि एकातून दुसऱ्यात जाणारी दिशा धरून बसवले. पाऊण तास नुसतं डोकं. मग धुतले, सुकवले आणि परत दहा मिनिटं उरलेलं बारीक काम.

आता न आवडलेलं पण लिहिते. फोन उचलत नाहीत, तीनदा करावा लागतो. दुपारी एक ते साडेतीन बंद म्हणजे बंद, आत बसलेल्या दिसल्या तरी दार उघडत नाहीत. पार्किंग शून्य, शुक्रवारी बाजाराच्या दिवशी तर जाऊच नका. केस धुवायच्या बेसिनला मान टेकायची जागा कडक आहे आणि पाण्याला जोर नाही. एसी नाही, पंखा आहे, आणि पंख्याने कापलेले केस ब्लाउजात जातात, तेव्हा कॉलरचा जुना शर्ट घालून जा. कलर वगैरे करायचा असेल तर त्यांच्याकडे फार शेड नाहीत.

पैसे: कापायचे ७००, नंतरच्या ट्रिमला ३००. ट्रिमचा हिशोब आधीच धरा, कारण हे कोणी सांगत नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो. लांब केसात ते कळत पण नाही, दोन इंची केसात पाच आठवड्यांत आकार जातो, कानावर छप्पर येतं. मला चार महिन्यांत तीन ट्रिम लागल्या, म्हणजे एकूण १६०० झाले. आणि परत वाढवायचे झाले तर नुसते वेणीतले १९ इंच यायलाच तीन वर्षांच्या वर लागतील, मधलं एक वर्ष ना इकडे ना तिकडे. कापल्याने केस दाट येतात या आशेने कोणी कापत असाल तर नका कापू, केसाची मुळं आत असतात, कात्रीला ती दिसत सुद्धा नाहीत.

फायदा? सकाळी न्हाते, टॉवेलने पुसते, चहा होईपर्यंत सुके. शॅम्पू वाटाण्याएवढा. या पावसाळ्यात कोंडा झाला नाही, वास नाही, टाळू दुखणं पहिल्या आठवड्यातच थांबलं. हेल्मेट काढलं की भोवरा उठतो हे आहे, ओला हात फिरवला की बसतो. कानाच्या मागे आणि मानेवर ऊन लागतं, तिथे कधी सनस्क्रीन लावायची सवयच नव्हती, ती आता लावून घेतलीय. ऑफिसात पहिले तीन दिवस सगळ्यांनी विचारलं, चौथ्या दिवशी कोणी नाही.

वेण्या आईने मागून घेतल्या. मलमलच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवल्यात, त्यांचं गंगावन करून घेईन म्हणते, भाचीच्या लग्नाला लागेल. चवथीला मी फाती नेली होतीच, म्हापसा मार्केटमधून आबोलीची. आजीने ती हातात घेतली, माझ्या डोक्याकडे बघितलं, आणि कानाच्या मागे दोन आबोली खोचून बाकीची गणपतीला वाहिली. कानाच्या मागे फूल राहतं, ताईंनी तिथे केस मुद्दाम थोडे लांब ठेवलेत.

जाणाऱ्यांनी मंगळवार-बुधवारी सकाळी दहाच्या आत जा, तेव्हा गर्दी नसते आणि ताई तुमच्याशी नीट बोलतात. माझी पुढची ट्रिम येत्या बुधवारी, आणि या वेळी आई पण येतेय बरोबर, तिला खांद्यापर्यंत कापायचे की नाही ते ठरवायचंय.