आठ महिन्यांनंतर: ईएसपी३२, त्याचं नमुना ॲप आणि कुळागरातली मोटर

गोव्यात सावईवेऱ्याला आमचं लहानसं कुळागर आहे. सुपारी, केळी, थोडी मिरी. विहीर घरापासून बरीच खाली आणि बाबांच्या गुडघ्यांना आता त्या पायऱ्या झेपत नाहीत. म्हणून विहिरीवरची मोटर घरूनच फोनवरून चालू-बंद करायला गेल्या डिसेंबरात ईएसपी३२ चा बोर्ड आणला, साडेचारशे रुपयांचा. वायफाय-ब्लूटूथ असलेला, हवा तो प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड. त्याची चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफने बोर्ड वायफायला जोडण्याचं नमुना ॲप गिटहब या कोडच्या साइटवर ठेवलंय, तेच घेऊन सुरुवात केली.

ॲपच्या बांधणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कोडचं ॲप बांधणारं ग्रेडल दुपारभर काहीबाही उतरवत बसलं, मग जेडीकेच्या (जावाच्या साधनसंचाच्या) आवृत्तीवरून अडलं. १७ निवडल्यावर पुढे सरकलं. फोन मात्र खराच जोडा, टेबलावरचा बोर्ड एम्युलेटरला, म्हणजे लॅपटॉपवरच्या नकली फोनला, सापडत नाही. संध्याकाळपर्यंत ॲपने ब्लूटूथवर बोर्ड शोधून त्याला घरच्या वायफायचा पासवर्ड दिलाही होता. मी खूश.

बाबांच्या फोनवर तेच ॲप टाकलं तर यादी कोरी. फोन अँड्रॉइड १० चा. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथवरची उपकरणं शोधायला लोकेशनची परवानगी लागते आणि लोकेशन चालूही असावं लागतं. बॅटरी खातं म्हणून बाबा ते कायम बंद ठेवतात. १२ पासून ब्लूटूथच्या परवानग्या वेगळ्या झाल्या, त्यामुळे माझ्या फोनवर हे कधी जाणवलंच नव्हतं. दुसरी गोष्ट, ॲपमध्ये दिसणारी वायफायची यादी बोर्डाने शोधलेली असते, फोनने नव्हे. ईएसपी३२ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, म्हणून राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव तिथे येणारच नाही. त्यात माझा अख्खा रविवार गेला.

खरी परीक्षा मार्चात झाली. इंटरनेटवाल्याने राउटर बदलला, सोबत पासवर्डही. बोर्ड जुनाच पासवर्ड घेऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिला, आणि ॲपला तो दिसेना. बोर्डावर घातलेला एस्प्रेसिफच्या उदाहरणातला कोड असाच आहे: एकदा जोडणी झाली की ब्लूटूथ बंद, माहिती फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत. लॅपटॉप घेऊन विहिरीवर जावं लागलं, फ्लॅश पुसून सगळं पहिल्यापासून. आता बोर्डावरचं बूट बटण पाच सेकंद दाबलं की जुनी माहिती पुसली जाते, एवढं मी स्वतः घातलंय. तुम्ही ते पहिल्याच दिवशी घाला.

चालू-बंद करणं या नमुन्यात नाही, त्याचं काम जोडून देण्यापुरतं. ते मी एमक्यूटीटीने केलं, म्हणजे फोन आणि बोर्ड यांच्यातले छोटे संदेश ब्रोकर नावाच्या मधल्या सर्व्हरमार्फत पोचवण्याची पद्धत, आणि तिथेच माती खाल्ली. 'चालू'चा संदेश रिटेन करून ठेवला होता, म्हणजे ब्रोकर तो जपून ठेवतो आणि बोर्ड जोडला गेला की लगेच हातात देतो. मे महिन्यात गडगडाट झाला, लाइट गेली, पहाटे तीनला आली. बाबांचा फोन: "अगो, मोटर आपोआप सुरू झालीय!" रिटेन काढलं. शिवाय ४० मिनिटांनी मोटर बंद करायचा हिशेब बोर्डावरच ठेवला, फोनच्या भरवशावर नाही. आणि हो, मोटर थेट बोर्डाला जोडतात त्या छोट्या निळ्या रिलेवर (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचवर) टाकू नका. सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, रिलेचे संपर्क चिकटले की बंद होणंच विसरा. मी रिलेने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा भार पेलणारा मोठा स्विच, चालवते, आणि ती जोडणी वायरमनकडून करून घेतलीय.

उदाहरणातला जोडणीचा गुप्त शब्द 'एबीसीडी१२३४' आहे, तो मात्र जरूर बदला. आमच्या नव्या शब्दाचा क्यूआर कोड स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

पावसाळ्यात शिंपणं नसतं, पण बोर्ड विहिरीवरच राहिला. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या होत्या तरी स्क्रू गंजले, बोर्ड ठीक.

ॲपमधल्या हिरव्या ठिपक्यावर बाबांचा अजून विश्वास नाही. बटण दाबतात आणि मागच्या दारी जाऊन टाकीत पाणी पडल्याचा आवाज येतो का ते ऐकतात. त्यांचं बरोबर आहे, तो ठिपका आज्ञा बोर्डाला पोचली एवढंच सांगतो. पाणी वाहतंय का ते कळवणारा फ्लो सेन्सर आणून ठेवलाय, गणपतीची चवथ झाली की बसवीन.