‘पीएच डाउन’चा संच: सुई हलते, माती नाही

पुण्यातल्या वाघोली, बाणेर, पुनावळे अशा भागांतल्या सोसायट्यांच्या आवारात सुट्टीच्या दिवशी रोपांचे स्टॉल लागतात. त्यांतल्या काहींवर पीएचच्या (माती किती आम्ल वा अल्कधर्मी हे सांगणारा आकडा; सातच्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) नावाखाली जो धंदा चालतो तो साधारण असा. तुमची अनंताची किंवा गुलाबाची कुंडी खाली मागवतात. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोह मिळत नसल्याची खूण. दोन दांड्यांचा, बॅटरी नसलेला मीटर कोरड्या मातीत खुपसला जातो. सुई आठच्या आसपास. मग बादलीभर पाण्यात ‘पीएच डाउन’ नावाच्या, पीएच उतरवतं म्हणून विकलेल्या बाटलीतलं एक झाकण टाकून ते ओततात, आणि दोन-तीन मिनिटांत सुई साडेसहावर. लोक मीटर, बाटली, ‘ॲसिडिक मिक्स’ची गोणी आणि लोहाची पुडी असा अख्खा संच घेऊन वर जातात. महिन्याभरात पानं पुन्हा पिवळी, आणि दुसरी बाटली.

या मीटरच्या दोन दांड्या वेगवेगळ्या धातूंच्या असतात. ओल्या मातीत त्यांच्यात किंचित वीज तयार होते आणि तीच सुई हलवते. ती मुख्यतः ओलाव्यावर आणि क्षारांवर अवलंबून असते. कोरड्या मातीत वीज नाही, म्हणून सुई अल्कधर्मी टोकाला पडून राहते; ओलं केलं की सरकते. स्टॉलवरच याची परीक्षा घ्या: दुसरी कोरडी कुंडी मागवा आणि बाटलीतलं काहीही न घालता नुसतं नळाचं पाणी ओतायला सांगा. सुई तशीच खाली येते. बहुतेक वेळा इथेच विक्रेत्याला दुसरं गिऱ्हाईक आठवतं.

बाटलीत खरोखर आम्ल असलं तरी हिशेब जुळत नाही. पुण्याची काळी माती बेसॉल्टपासून झालेली, तिच्यात चुनखडीचे कण, पीएच साधारण ७.५ ते ८.५. कुंडीत १० किलो माती आहे आणि तिच्यात ५ टक्के चुनखडी आहे असं धरू, म्हणजे ५०० ग्रॅम. पाच टक्के ताकदीचं अर्धा लिटर व्हिनेगर त्यातली जेमतेम २१ ग्रॅम चुनखडी संपवतं. बाकीची चुनखडी पीएच परत वर नेते. शेतीचं गंधक वापरायचं म्हटलं, तर त्याच ५०० ग्रॅमसाठी १६० ग्रॅम शुद्ध गंधक लागेल. ते जिवाणूंनी ओलसर, उबदार मातीत हळूहळू आम्लात बदलायचं. त्याला आठवडे ते महिने जातात, आणि एका कुंडीत एवढं गंधक म्हणजे क्षार वाढून मुळं जळण्याची शक्यता. तुरटीने पीएच चटकन उतरतो, पण ॲल्युमिनियम मुळांना बाधतं. जिप्समही ‘पीएच कमी करणारं’ म्हणून खपवतात. ते सोडियमने बिघडलेल्या चोपण जमिनीसाठी आहे. चुनखडीच्या मातीत त्याने पीएच हलत नाही.

गोणीची परीक्षा स्वस्त आहे. चमचाभर कोरड्या मिश्रणावर व्हिनेगर टाका. फेस आला तर चुना आहे, मग गोणीवर काहीही छापलेलं असो. महाबळेश्वर-कोकणाकडची खरी तांबडी माती फसफसत नाही. ‘इम्पोर्टेड पीट मॉस’ (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) देणं तर नेहमीचंच. पीट मॉसचा पीएच ४ च्या आसपास, कोकोपीटचा साडेपाच ते साडेसहा. मोजला की कळतं. कोकोपीट वाईट नाही, फक्त न धुतलेलं असेल तर त्यात मीठ असतं, म्हणून दोन-तीन पाण्यांतून काढायचं. पैसे मात्र कोकोपीटचेच द्यायचे.

पुडीतली गफलत अधिक चलाख. ‘चिलेटेड आयर्न’ (दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं, विरघळलेलं राहणारं लोह) म्हणून हिराकस, म्हणजे साधं फेरस सल्फेट, देतात. ग्लासभर पाण्यात पाव चमचा पुडी आणि चिमूटभर खायचा सोडा घाला. हिराकस असेल तर पाणी गढूळ होऊन हिरवट-तपकिरी गाळ बसतो. अल्कधर्मी कुंडीत नेमकं हेच होतं, मुळाला लोह मिळत नाही. लोह धरून ठेवणाऱ्या रेणूंपैकी ईडीडीएचए प्रकारचं लोह गडद लाल आणि स्वच्छ राहतं, चुनखडीच्या मातीत तेच चालतं. ईडीटीएचं लोह साडेसहाच्या वर फारसं टिकत नाही.

पीएच मोजायचाच तर काचेच्या फुग्याचा डिजिटल पेन घ्या आणि ४.०१ व ६.८६ च्या बफरने (ठरावीक पीएचच्या द्रावणाने) आधी जुळवा. बफरच्या पुड्या डिस्टिल्ड पाण्यातच विरघळवा. २० ग्रॅम वाळलेली, चाळलेली माती, ५० मिली डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास अधूनमधून ढवळणं, मग वाचन. फुगा कोरडा पडला किंवा आरओच्या पाण्यात ठेवला तर पेन बिघडतो. तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवतात.

अनंताला ५ ते ६, गुलाबाला ६ ते ६.५ पुरे. त्यासाठी माती बदला: निम्मी चुना नसलेली तांबडी माती, उरलेल्यात धुतलेलं कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं खत. मग पाणी बघा, कारण टँकरचं बोअरचं पाणी बायकार्बोनेट या क्षाराने भरलेलं असतं आणि रोज थोडा थोडा पीएच चढवतं. खडकवासल्याचं पाणी त्या मानाने मऊ. जड पाण्यात १० लिटरला ३ ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) घालून सुरुवात करा, पेनने तपासा, आणि त्याच दिवशी वापरा. साठवलं तर जिवाणू सायट्रिक आम्ल खाऊन टाकतात.

संच आधीच घेतला असेल तर बिल, पाकिटाचे फोटो आणि पैसे दिल्याचा पुरावा ठेवा. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन आणि किंमत नसेल तर तेवढ्यावरही वैधमापन विभागाकडे तक्रार होते. चिलेटेड लोह १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात येतं, म्हणून पुडीबद्दल कृषी विभागाला कळवा. बाकी सगळ्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल द्यायला स्टॉलवाला कां-कूं करत असेल, तर यूपीआयची नोंद तरी मिळेल असे पैसे द्या.