सापाच्या पेटीत वायर कशाने धरायची: टेप, सिलिकॉन की स्क्रू?

सेलोटेप, डबल टेप, डक्ट टेप यांतलं काहीही सापाच्या पेटीच्या आतल्या बाजूला लावू नका. बाकीची तुलना पुढे करतोच, पण हे आधी सांगायला हवं.

रतांबी ही माझी कॉर्न स्नेक, म्हणजे एक बिनविषारी विदेशी साप. ती दीड वर्षांची असताना हीटर चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटच्या प्रोबची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या टोकाची, वायर मी डबल टेपने काचेला चिकटवली होती. मे महिनाभर वायर जागची हलली नाही. जुलैत तीन दिवस पावसाने झोडपलं आणि चौथ्या सकाळी बघतो तर टेपचं टोक सुटून रतांबीच्या पोटाला चिकटलेलं. ओढायचं नाही, एवढं सुचलं. बोटाने खोबरेल लावायचं, चिकटा मऊ होईपर्यंत थांबायचं, मग टेप शेपटीच्या दिशेने थोडी थोडी सोडवायची, असं करत पाऊण तास गेला. तरी पोटाचे दोन खवले दुखावलेच. पुढच्या दोन काती टाकेपर्यंत तिथले डाग दिसत होते.

त्याहून मोठा धोका मला नंतर कळला. सुटलेला प्रोब गार बाजूला जाऊन पडला होता. थर्मोस्टॅटला प्रोब सांगेल तेवढंच कळतं. त्याला पंचवीस अंश दिसत होते, म्हणून पेटीच्या गरम बाजूखालचा हीट मॅट (तापणारी चटई) त्याने रात्रभर चालूच ठेवला. गरम बाजूच्या काचेवर मला हात ठेववेना. तापलेल्या जागेवरून साप वेळेवर उठेलच, असं धरून चालता येत नाही. पोट भाजेपर्यंत तिथेच बसून राहिलेले साप पशुवैद्यांकडे येतात. म्हणून पेटीतली एकच गोष्ट पक्की करण्याइतका वेळ असेल, तर ती प्रोब असू द्या.

सक्शन कपाचं थोडक्यात सांगतो. पाण्याची वाटी किंवा ओलावा मोजणारा हायग्रोमीटर धरायला तो बरा वाटतो, पण गरम बाजूला त्याचं रबर कडक होतं आणि काचेवर पाण्याचे डाग धरले की पकड जाते. मोठा साप त्यावर टेकला की संपलं. पडल्याने काही बिघडणार नाही, अशाच वस्तूंसाठी तो वापरा. ग्लू गनचा गोंद उष्णतेजवळ मऊ पडतो, त्यामुळे तोही बाद.

खरा निर्णय सिलिकॉन आणि स्क्रू या दोघांतच आहे, आणि तो बराचसा तुमची पेटी कशाची आहे यावर ठरतो.

पेटी काचेची असेल तर सिलिकॉन. टफन्ड काचेला भोक पाडता येत नाही, ती फुटते. सिलिकॉन मत्स्यालयाचं घ्या. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बहुधा बुरशीनाशक असतं, ते सापाजवळ नको. सिलिकॉन सुकतं ते हवेतल्या ओलाव्यावर. म्हणजे टेपला नडणारी आपली दमट हवा इथे उपयोगीच पडते. मात्र काच दमट असेल तर ते धरत नाही; आधी स्पिरिटने पुसून कोरडी करून घ्या. जाड थर आतपर्यंत पक्का व्हायला दिवसाला दोन-तीन मिलिमीटर असा हिशेब धरा. तोवर व्हिनेगरसारखा वास येत राहतो. वास पुरता जाईपर्यंत साप दुसऱ्या डब्यात ठेवायचा, निदान दोन दिवस. वास यायचं कारण त्यातून सुटणारं अ‍ॅसेटिक आम्ल, आणि ते तांब्या-लोखंडाला खातं. म्हणून ते उघड्या तारेला किंवा प्रोबच्या धातूच्या टोकाला लागू देऊ नका. टोक मोकळं सोडून चार-पाच सेंटीमीटर मागे वायर दाबून धरायची. टोक सिलिकॉनमध्ये बुडालं तर थर्मोस्टॅटला तापमान उशिरा कळतं.

पेटी पीव्हीसीची किंवा प्लायची असेल तर मी डोळे झाकून स्क्रू आणि केबल टाय म्हणेन. जवळजवळ दोन भोकं पाडायची, टाय आतून घालून डोकं बाहेरच्या बाजूला ओढायचं आणि उरलेली शेपटी नेलकटरने अगदी कडेला कापायची. तिरपं कापलेलं नायलॉन ब्लेडसारखं लागतं. वायर पेटीत येते तिथे इलेक्ट्रिशियनकडचा केबल ग्लँड बसवा. तो वायर घट्ट धरतो आणि सापाला नाक खुपसायला फटही उरत नाही. वायर लांब जाणार असेल तर वर केसिंग पट्टी. सैल वायर असली की साप त्यातून अंग घालतो आणि मग सगळा जोर लावून ओढतो. सिरॅमिक हीटर आत असेल तर त्याला जाळी हवीच, आणि ती जाळी छताला स्क्रूनेच. चिकटवलेली जाळी लोंबणाऱ्या सापाचं वजन पेलत नाही.

स्क्रूचा दोष एकच, आणि तो आपल्याकडे किनारपट्टीला जास्त जाणवतो: खारी हवा. साधा लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतो. ३०४ नंबरच्या स्टेनलेस स्टीलवरही समुद्राजवळ तपकिरी डाग धरतात. मॉलिब्डेनम असलेलं ३१६ बरंच टिकतं. लोहचुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही, तेव्हा होड्यांचं सामान ठेवणाऱ्या दुकानात नंबर सांगूनच मागा. पितळी स्क्रू हिरवे पडतात, पण धरून राहतात.

चुंबकाच्या क्लिपा दिसायला सुबक असतात. मी त्या काढून टाकल्या. निकेलचा मुलामा जरा टवकला की आतलं चुंबक गंजून भुसभुशीत होतं, आणि त्याचा तुकडा सापाच्या पोटात गेलेला मला परवडणार नाही.

जड वस्तूंना काहीच चिकटवायची गरज नाही. दगड भुश्यावर न ठेवता थेट तळावर टेकवा, नाहीतर साप खालून उकरतो आणि दगड त्याच्याच अंगावर येतो.

हे सगळं विदेशी सापांपुरतं आहे. धामण, नाग, अजगर असलं आपल्याकडचं जनावर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन या विदेशी अजगराची नोंदही सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पेटी घेण्याआधी तेवढं उरकून घ्या.

पेटी अजून घेतली नसेल तर पीव्हीसीची घ्या. प्लाय पावसाळ्यात फुगतो, त्यातले स्क्रू ढिले होतात आणि दर पंधरा दिवसांनी पेचकस घेऊन बसावं लागतं. काचेची आधीच आणली असेल तर सिलिकॉनचं काम एप्रिलमध्ये करून टाका, म्हणजे काच कोरडी मिळेल आणि पहिल्या पावसाआधी वायर ओढून बघायला महिनाभर हाताशी राहील.