विजयनगर, सांगली: न्यायालयाजवळचे एक टंकलेखन केंद्र
सांगली जिल्हा न्यायालयात दिवाणी कामे चालवणाऱ्या सीनिअर वकिलांकडे मी वर्षभरापासून ज्युनिअर म्हणून काम करते. सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) पाहणे, प्रकरणाचा पुकारा होईल तसे एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात धावणे, रोजनाम्यावरून (प्रकरणात त्या दिवशी काय झाले याच्या नोंदीवरून) पुढची तारीख डायरीत उतरवणे आणि उरलेल्या वेळात दावे आणि कैफियती (दाव्याला प्रतिवादीची लेखी उत्तरे) तयार करून घेणे, असा माझा दिवस जातो. त्यातला शेवटचा भाग बहुतेक वेळा न्यायालयाजवळच्या या टंकलेखन व झेरॉक्स केंद्रात पार पडतो.

येथील काका मजकूर वाचून टाइप करतात, आणि मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. मध्यंतरी शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्याबाबत मनाईचा (अडथळा न करण्याचा हुकूम मागणारा) दावा दाखल करायचा होता. पेरणी तोंडावर आली होती आणि पक्षकाराचा ट्रॅक्टर बांधावर अडकून होता. दावा, निशाणी ५ चा तूर्तातूर्त मनाईचा (दाव्याचा निकाल लागेपर्यंतच्या मनाईचा) अर्ज, प्रतिज्ञापत्र, कागदयादी असे सगळे टाइप झाल्यावर काकांनी प्रिंट देण्याआधी विचारले, "मॅडम, दाव्याच्या कलम १ मध्ये ओढा पूर्वेला आहे, कलम ४ मध्ये पश्चिमेला गेलाय. नकाशा बघून घेता का?" गटाचा नकाशा उघडून पाहिला, तर चूक माझ्याच हस्तलिखितात होती. मिळकत नेमकी ओळखता येईल असे वर्णन दाव्यात द्यावेच लागते. ओढा तसाच पश्चिमेला राहिला असता, तर समोरच्या वकिलांनी तो मुद्दा नक्कीच उचलला असता आणि दुरुस्तीच्या अर्जात आमच्या तारखा गेल्या असत्या. या दुरुस्तीचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत.

न्यायालयाची प्रत, प्रत्येक प्रतिवादीची प्रत आणि ऑफिसची प्रत असे संच पान क्रमांक घालून व दोरा ओवून मिळतात. तथापि प्रिंटर एकच आहे आणि दुपारच्या सुट्टीत फार गर्दी होते. एकदा तिसऱ्या प्रतिवादीच्या संचातील सातबारा इतका पुसट निघाला की क्षेत्राचा आकडा वाचता येईना. मी तो दाखल करण्यापूर्वी पाहिला म्हणून बदलून घेता आला. त्यामुळे प्रत्येक संच तिथेच उलगडून पाहावा. कैफियतीची मुदत समन्स बजावल्यापासून ३० दिवसांची असते आणि ती ९० दिवसांपर्यंत वाढवून मिळण्यासाठी न्यायालयाला कारण पटवून द्यावे लागते. मुदतीचे काम घेऊन येणाऱ्यांनी शेवटच्या दिवसाची दुपार गाठू नये. सकाळी कोर्ट बसण्याआधी गेल्यास काका निवांत असतात आणि प्रत्येक कलम वाचूनच टाइप करतात.