भाजणी दळून देणारी साताऱ्यातली गिरणी, सहा वर्षांचा अनुभव

मी घरून भाजणी विकते. थालिपीठाची, चकलीची, उपासाची आणि मेतकूट, एवढंच. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मिस्टरांचा पगार अर्ध्यावर आला तेव्हा शेजारच्या दोन घरांना पाव-पाव किलो देऊन सुरुवात केली होती, आता महिन्याला शंभर-सव्वाशे किलो जातं आणि दिवाळीच्या महिन्यात त्याच्या तिप्पट. हे सगळं ज्या गिरणीच्या जिवावर चाललंय तिच्याबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं. पाटी आहे पण तिच्यावर पीठ बसून बसून अक्षरं दिसत नाहीत, आमच्या पेठेत सगळे काकांची गिरणी म्हणूनच ओळखतात.

आधी दळणाबद्दल सांगते. भाजणी कशावर, म्हणजे आधीच्या कुठल्या दळणानंतर, दळली यावर सगळं अवलंबून असतं हे ज्या घरी करतात त्यांना माहितीय. गव्हावर दळली तर चकली मऊ पडते, म्हणून आपण तांदळावर नाहीतर हरभऱ्याच्या डाळीवर दळून द्या म्हणून सांगतो आणि बऱ्याच ठिकाणी हो हो म्हणतात पण मागचं कुणाचं दळण होतं ते आपल्याला कळतच नाही. इथे काका रांगेतले डबे स्वतः लावतात, तांदळाचे पुढे, त्याच्यामागे भाजणीचे, गहू सगळ्यात शेवटी. मधेच कुणी गव्हाचा डबा सरकवला तर सरळ उचलून मागे ठेवतात, मग तो कुणाचाही असो. दळण सुरू झालं की खालच्या कापडी नळीतून येणारं पहिलं मूठभर पीठ वेगळं काढतात, मग चिमूट घेऊन अंगठ्यावर चोळून बघतात आणि पीठ जाड-बारीक करायचं चाक अगदी थोडंसं फिरवतात. थालिपीठाला जरा रवाळ, चकलीला बारीक, मेतकुटाला त्याहून बारीक. मला सहा वर्षांत एकदाही ‘जाडं झालं हो’ म्हणायची वेळ आली नाही.

उपासाची भाजणी मात्र मोठ्या गिरणीत घालत नाहीत. त्यासाठी छोटी मशीन आहे आणि तिच्यावर उपासाचं फक्त सोमवारी सकाळी दळतात. मी एकदा गुरुवारी साबुदाणा-राजगिरा भाजून घेऊन गेले होते, दुसऱ्या दिवशी ऑर्डर द्यायची होती, खूप विनवण्या केल्या पण नाही म्हणजे नाही. तेव्हा राग आला होता. नंतर कळलं की त्या दिवशी छोट्या मशीनवर दुसरं पीठ काढलेलं होतं आणि पूर्ण धुऊन-पुसून झाल्याशिवाय ते उपासाचं घेत नाहीत. माझ्या पाकिटावर मी ‘उपासाची’ लिहिते ते त्यांच्या भरवशावर, हे माझ्या तोपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं.

आता माझी चूक सांगते, कारण नवीन सुरू करणाऱ्या बायकांना उपयोग होईल. पहिल्याच वर्षी पुण्याची 15 किलोची ऑर्डर होती. संध्याकाळी दळून आणलं, पीठ हाताला गरम लागत होतं, काका म्हणाले होते ‘ताई, कागदावर पसरून रात्रभर राहू द्या’, पण सकाळच्या गाडीने पाठवायचं होतं म्हणून मी रात्रीच पाकिटं भरून सील केली. आतून वाफ धरली, पिठाच्या गुठळ्या झाल्या आणि चौथ्या दिवशी फोन आला की कुबट वास येतोय. सगळे पैसे परत केले, कुरियरचा खर्चही माझाच. काकांना सांगायला गेले तेव्हा ते मला काही बोलले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले की दळण कधी मिळणार हे विचारून मग गिऱ्हाईकाला तारीख द्यायची. तेव्हापासून मी ऑर्डर घेताना चार दिवस सांगते. दोन दिवस धुणं-वाळवणं-भाजणं, एक दिवस दळण, एक दिवस पीठ गार होऊन पॅकिंग. काही लोक जातात दुसरीकडे, जाऊ दे.

सगळ्यात जास्त शिकले ते एका हिशोबातून. एका मोठ्या दुकानाने महिन्याला 200 किलो घेतो म्हणून सांगितलं होतं, भाव 150 रुपये किलो आणि पैसे दोन महिन्यांनी. मी तेव्हा किरकोळीत 220 ने विकत होते. एवढी मोठी ऑर्डर म्हणून मी हवेत होते, गिरणीत रांगेत उभी असताना काकांना सांगितलं तर ते म्हणाले खर्च मांडा बघू. वजनकाट्याशेजारी खडूने लिहायची एक काळी फळी आहे तिच्यावर मांडलं, धान्य 90, गॅस 12, दळण 12, पिशवी आणि लेबल 8, झाले 122. मी म्हणाले 28 सुटतात की. काका बराच वेळ फळीकडे बघत होते मग म्हणाले, ‘आणि भाजायची मजुरी कुठंय?’

खरंच कुठेच नव्हती. दहा किलो धान्य मंद आचेवर भाजायला मला चार तास लागतात, डाळ वेगळी, तांदूळ वेगळा, धणे-जिरं शेवटी, हात एकसारखा चालू ठेवावा लागतो नाहीतर करपतं. 200 किलोचे 80 तास झाले. तेवढ्या कामाला बाई लावली तर तिला पैसे द्यावे लागतीलच ना, मग मी केलं म्हणून ते फुकट कसं? वर दोन महिन्यांचं धान्य माझ्या पैशाने भरायचं. मी ती ऑर्डर घेतली नाही आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्या खर्चाच्या वहीत ‘मजुरी, स्वतःची’ असा रकाना आखला. किरकोळ भावातही तेव्हा 20 रुपये वाढवावे लागले आणि सहा गिऱ्हाईकं तुटली, बाकी सगळी अजून आहेत.

भाव वाढवायचा कसा हेही तिथेच बघितलं. दळणाचा दर वाढणार असेल तर महिनाभर आधी फळीवर तारीख आणि नवा दर लिहिलेला असतो, आयत्या वेळी तोंडी काही नाही. मीही आता तसाच मेसेज टाकते.

त्रास नाहीत असं नाही. दुपारी एक ते चार बंद, फोन उचलत नाहीत, लाईट गेली की तासन् तास बसावं लागतं आणि बसायला एकच बाकडं आहे. गिरणीच्या दगडांना टाकी मारायच्या, म्हणजे छिन्नीने परत खाचा पाडायच्या, दिवशी पूर्ण बंद, तो दिवस आधी विचारून ठेवा. ज्यांना धुळीचा त्रास आहे त्यांनी तोंडाला रुमाल बांधूनच जावं. दर बाकीच्यांपेक्षा दोन रुपये जास्त आहे, मला तो पटतो. गूगल पे चालतं.

दिवाळीचं दळण असेल तर घटस्थापनेच्या आधीच वहीत नाव लिहून या, नंतर सकाळचे नंबर मिळत नाहीत. डबा आतून कोरडा हवा, जरा जरी ओल दिसली तर काका तो तसाच परत देतात.