साइडबार बदलून देणाऱ्याने आणखी काय काय बदललं

वर्डप्रेसवर साइट असेल आणि लेआउटच्या कामासाठी कोणाला गाठायचा विचार असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. किती पैसे गेले ते सांगत नाही. त्यापेक्षा नंतरचं निस्तरणं जास्त महाग पडलं.

काम तसं किरकोळ होतं. माझ्या साइटवर लेखाच्या उजवीकडे एकच साइडबार होता. तो मला डावीकडे हवा होता आणि उजवीकडे ताज्या लेखांसाठी एक अरुंद रकाना हवा होता. म्हणजे विषयांची यादी, लेख आणि ताजं, असे तीन रकाने. फ्रीलान्सर मिळतात अशा एका ठिकाणी मी हे लिहून टाकलं. लगेच एकाचा निरोप आला: ‘तुमच्या थीममध्ये हे होणार नाही. वर्डप्रेसने साइडबार काढून टाकलेत. प्रीमियम थीम टाकून कस्टम कोडिंग करावं लागेल, लायसन्स माझ्याकडे आहे.’ (थीम म्हणजे साइटचं रूप आणि मांडणी ठरवणारा फाइलींचा संच.)

थापेत खऱ्याचा अंश असला की ती पचते. ही तशीच होती. जुलै २०२१ मध्ये ५.८ आवृत्ती आली तेव्हा विजेट्सचा, म्हणजे साइडबारमध्ये ठेवायच्या तयार तुकड्यांचा, जुना स्क्रीन जाऊन ब्लॉकचा स्क्रीन आला हे खरं. जानेवारी २०२२ मध्ये ५.९ बरोबर ब्लॉक थीम (अख्खं पान ब्लॉक नावाच्या तुकड्यांनी रचणाऱ्या) आल्या आणि त्यांत विजेट्सचा स्क्रीनच नसतो, रकाने साइट एडिटरमध्ये मांडायचे असतात, हेही खरं. पण जुन्या पद्धतीच्या थीम आणि त्यांचे साइडबार बंद झालेले नाहीत. जुना विजेट स्क्रीनच हवा असेल तर ‘क्लासिक विजेट्स’ नावाचं प्लगइन (साइटला जोडायची छोटी भर) वर्डप्रेसच्याच मंडळींनी दिलंय, तेही फुकट. हे त्याने कशाला सांगावं?

फ्रीलान्सरच्या त्या ठिकाणाचं कमिशन वाचवू म्हणून त्याने पैसे बाहेरून घेतले. दोन दिवसांत थीम बसली, तीन रकाने दिसायला लागले, थीमची झिप फाइलही ‘तुमच्याकडे असू द्या’ म्हणून मेलवर आली. ही झिप पुढे फार कामाला आली.

पहिली खटक मोबाइलवर लागली. डावा साइडबार लेखाच्या डोक्यावर येऊन बसला होता, म्हणजे वाचणाऱ्याने आधी विषयांची अख्खी यादी खाली सरकवायची आणि मग लेख. त्याला कळवलं तर म्हणाला, ‘रिस्पॉन्सिव्हचं, म्हणजे लहान स्क्रीनवर बसवायचं, काम वेगळं, त्याचे पैसे वेगळे.’ तेही दिले. यादी मोबाइलवरून गायब झाली. ती काढलेली नव्हती, ‘अ‍ॅडिशनल सीएसएस’च्या चौकटीत (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या ओळी तिथे लिहितात) दोन ओळी टाकून नुसती लपवली होती. लपवलेलं विजेट पानाबरोबर लोड होतच राहतं, फक्त दिसत नाही. नीट करायचं असतं तर रकाने ग्रिड किंवा फ्लेक्स या सीएसएसच्या मांडणीच्या पद्धतींनी मांडून लहान स्क्रीनवर त्यांचा क्रम बदलता येतो: आधी लेख, मग साइडबार. तेवढ्याच दोन-चार ओळींचं काम आहे.

मग एकदा उजव्या रकान्यातली एक यादी काढायची होती. बघते तर ‘अपिअरन्स’मध्ये विजेट्सच दिसेनात. माझं खातं ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’वरून ‘एडिटर’ झालं होतं. एडिटरला लेखांचं सगळं करता येतं, पण थीम, मेनू आणि विजेट्सना हात लावता येत नाही. विचारल्यावर उत्तर तयार: ‘चुकून काही मोडू नये म्हणून केलंय. बदल मला सांगत जा, महिन्याचं मेंटेनन्स पॅकेज घ्या.’ स्वतःच्या साइटवर एक यादी हलवायला महिन्याची वर्गणी!

आणि थीमला अपडेट कधीच येईना. त्यावर तो म्हणे, ‘प्रीमियम थीम स्थिर असते.’

खरा प्रकार कळला तो माझ्या एका वाचकामुळे. त्यांना दिसत नाही, ते स्क्रीन रीडर लावून लेख ऐकतात. त्यांनी मेल केला की प्रत्येक लेख संपला की जुगाराच्या आणि औषधांच्या साइट्सची नावं वाचली जातात, हे मुद्दाम आहे का? मला काहीच दिसत नव्हतं. लॉगआउट करून इन्कॉग्निटो खिडकीत पान उघडलं, तरी डोळ्याला काही नाही. ‘व्ह्यू पेज सोर्स’ केलं तेव्हा उजव्या रकान्याच्या शेवटी एक चौकट सापडली, पडद्याच्या डाव्या कडेपासून उणे ९९९९ पिक्सेलवर ढकललेली, आत लिंकांची रांग. डोळस माणसाला ती कधीच दिसणार नाही. सर्च इंजिन मात्र ती वाचतं, आणि स्क्रीन रीडरही वाचतो. लॉगइन केलेल्याच्या पानात तर ती यायचीच नाही, कोडमध्ये तशी अट होती. म्हणजे साइटचा मालक रोज साइट बघत असला तरी त्याला पत्ता लागू नये अशी सोय. गुगलचा सर्च कन्सोल (साइट कोणत्या शब्दांनी शोधली जाते ते दाखवणारा) उघडला तर तिथेही माझ्या विषयाशी काडीचा संबंध नसलेले शब्द यायला लागले होते.

त्यानंतर मी त्याच थीमची एक प्रत मूळ बनवणाऱ्यांकडून विकत घेतली आणि दोन्ही फोल्डर फाइलगणिक ताडून पाहिले. फरक मोजकेच होते आणि प्रत्येक फरक बोलका होता. लायसन्स तपासणारी फाइल निकामी केलेली, म्हणजे थीम ‘नल्ड’, चोरीची. ‘फंक्शन्स डॉट पीएचपी’ या थीमच्या कोडच्या फाइलीच्या तळाशी एक लांबलचक अगम्य ओळ, बेस ६४ या सांकेतिक रूपात गुंडाळलेली आणि ‘इव्हॅल’ या आज्ञेने चालवलेली, लिंका तिथून येत होत्या. ‘स्टाइल डॉट सीएसएस’च्या माथ्यावर थीमची आवृत्ती लिहिलेली असते, तिथे ‘९९.९’. नवी आवृत्ती यापेक्षा मोठी असेल तरच अपडेटची सूचना येते, म्हणून ती कधी आलीच नाही. आली असती आणि मी बटण दाबलं असतं, तर त्याचा सगळा मालमसाला पुसला गेला असता.

आणि कस्टम कोडिंग? शून्य. तीन रकान्यांचा लेआउट थीमच्या सेटिंगमध्ये तयारच होता, चित्रावर टिचकी मारायची आणि रकान्यांची रुंदी भरायची. गंमत म्हणजे माझ्या जुन्या, फुकट थीमच्या कस्टमायझरमध्येही (साइटचं दिसणं बदलायच्या पानावरही) साइडबार डावीकडे की उजवीकडे हा पर्याय होता. अडत होतं ते फक्त दुसऱ्या साइडबारपाशी.

चोरीच्या थीमबद्दल एक बारकावा सांगायला हवा, कारण हे लोक त्याचीच ढाल करतात. वर्डप्रेस जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे कोड बदलायला आणि वाटायला मोकळा, आणि पुष्कळ सशुल्क थीमही त्याच परवान्याखाली असतात. तेव्हा कोड पुढे वाटणं हे दरवेळी बेकायदेशीरच असतं असं नाही. त्याने मला हेच ऐकवलं. पण मधल्या माणसाने फाइलमध्ये काय घुसवलंय याची हमी परवाना देत नाही, आणि लायसन्सशिवाय सुरक्षेची अपडेटही मिळत नाहीत. शिवाय त्याने लायसन्सचे म्हणून वेगळे पैसे घेतले होते, ते लायसन्स कुठे होतं?

जाब विचारला तर म्हणाला, ‘तुमचा पासवर्ड कच्चा होता, साइट हॅक झालीय, क्लीनिंगचं पॅकेज देतो.’ तेव्हा मेलमधली त्याचीच झिप उघडली. तीच अगम्य ओळ त्यातही होती, साइटवर चढण्याआधीपासूनची. त्यातला तुकडा पाठवल्यावर त्याचं उत्तर आलं नाही, पुढे कधीच आलं नाही. जिथे तो भेटला होता त्यांनी ‘व्यवहार आमच्यामार्फत झालेला नाही’ म्हणून हात झटकले. पैसे गेले ते गेलेच.

हे तुमच्यासमोर आलं तर ताबा असा परत घ्या. होस्टिंग (साइट ठेवलेली भाड्याची जागा) तुमच्या नावावर असेल तर त्याच्या पॅनलमध्ये ‘पीएचपी माय अ‍ॅडमिन’ असतं. साइटचा डेटाबेस तिथून उघडतो. आधी डेटाबेसचा बॅकअप. मग युजर्सच्या टेबलमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असलेल्या त्याच्या खात्याचा ईमेल बदलून तिथे आपला घाला, पण तो ईमेल दुसऱ्या खात्याला जोडलेला नको. लॉगइनच्या पानावर ‘पासवर्ड विसरलात?’ वापरा आणि आत गेल्यावर स्वतःला पुन्हा अ‍ॅडमिन करा. अनोळखी खाती काढा, होस्टिंग आणि डेटाबेसचे पासवर्ड बदला. संशयित थीम नुसती बंद करून भागत नाही, फोल्डर पुसायला हवा. प्लगइनही मूळ ठिकाणाहून नव्याने घ्या. असा कोड थीममधून बाहेर पडून दुसऱ्या फाइलींत घर करतो, तेव्हा वर्डप्रेसच्या मूळ फाइलीही बदलून टाका.

दुसरा साइडबार मी नंतर जुन्याच थीमवर केला, चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमला जोडलेली छोटी उपथीम, करून. वेगळा फोल्डर, त्यात एक ‘स्टाइल डॉट सीएसएस’, तिच्या माथ्यावर ‘टेम्प्लेट’ या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचं नाव जसंच्या तसं. ‘फंक्शन्स’च्या फाइलीत नव्या साइडबारची नोंदणी, आणि मूळ थीमची जी टेम्प्लेट फाइल (पानाची मांडणी ठरवणारी) बदलायची तिची प्रत याच फोल्डरमध्ये. तिथे रकाना कुठे उमटवायचा ते सांगितलं की झालं. मूळ थीम कितीही अपडेट करा, हा फोल्डर तसाच राहतो. कोणाकडून करून घेणार असाल तर चाइल्ड थीममध्येच करून मागा, तो टाळाटाळ करायला लागला तर तिथेच थांबा. फक्त रुंदी आणि रंगांचा प्रश्न असेल तर ‘अ‍ॅडिशनल सीएसएस’ पुरतं, ते २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून आहे. मात्र ते त्या-त्या थीमपुरतंच असतं, थीम बदलली की लागू होत नाही.

‘स्टाइल डॉट सीएसएस’ ही फाइल सहसा कोणालाही ब्राउझरमध्ये उघडता येते. त्याच्या ‘केलेली कामं’ या यादीतल्या साइट्सची ही फाइल मी एकेक करून उघडली. बऱ्याच ठिकाणी ९९.९ होतं. त्या सगळ्यांना मेल केले. काहींनी लगेच थीम काढली, एकीने उलट विचारलं की तुम्ही कोण आणि तुमचा रेट काय. एका गृहस्थांचं मेंटेनन्स पॅकेज अजून चालू आहे. आपण एडिटर आहोत हे त्यांना माझ्या मेलनंतर कळलं, आणि होस्टिंगही त्या माणसाच्याच नावावर आहे. तिथे वरची युक्ती चालणार नाही. सध्या ते लेख एकेक पान करून हाताने उतरवून घेताहेत, कारण एडिटरला एक्स्पोर्टही करता येत नाही.