सस्पेंडमध्ये आयआरक्यूचं काय करायचं: बंद, वेक की नो_सस्पेंड?

मशीन झोपताना (सस्पेंड) डिव्हाइसच्या इंटरप्ट लाइनचं (आयआरक्यू, म्हणजे डिव्हाइस जिच्यावरून प्रोसेसरचं लक्ष वेधतं ती) काय करायचं, यासाठी लिनक्स ड्रायव्हरसमोर तीन मार्ग असतात: सस्पेंड कॉलबॅकमध्ये (झोपताना कर्नल बोलावतं त्या ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये) डिसेबल_आयआरक्यू, वेकअपसाठी एनेबल_आयआरक्यू_वेक, नाहीतर लाइन मागतानाच आयआरक्यूएफ_नो_सस्पेंड फ्लॅग. आयटूसी या चिपा जोडणाऱ्या बसवरचा टचस्क्रीन डोळ्यासमोर ठेवू, कारण निवड चुकली की तिथे लगेच कळतं.

आधी कर्नल स्वतः काय करतं ते बघा. सस्पेंड आणि सस्पेंड_लेट हे टप्पे झाल्यावर सस्पेंड_डिव्हाइस_आयआरक्यूज बहुतेक लाइन बंद करतं, मग नोआयआरक्यू (लाइन बंद असतानाचा) टप्पा लागतो. तोवर तुमचा हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) चालू शकतो. टचस्क्रीन आधी झोपतो, त्याचा आयटूसी कंट्रोलर नंतर. या फटीत बोट लागलं तर थ्रेडेड (वेगळ्या थ्रेडमध्ये चालणारा) हँडलर झोपलेल्या बसवर रीड करायला जातो आणि एरर घेऊन परततो. चिपचं स्टेटस क्लिअर होत नाही. लाइन लेव्हल-ट्रिगर (सिग्नल टिकून आहे तोवर इंटरप्ट देणारी) असेल तर हँडलर पुन्हा पुन्हा चालतच राहतो.

स्पर्शाने मशीन उठवायचं नसेल तर डिसेबल_आयआरक्यू हाच सरळ उपाय. ते चालू हँडलर संपेपर्यंत थांबतं, म्हणून हँडलरला लागणारा म्युटेक्स (कुलूप) धरून ते बोलावू नका, डेडलॉक होईल. बंद असताना आलेला एज (सिग्नल बदलताच येणारा) इंटरप्ट एनेबल_आयआरक्यू होताच हँडलरपर्यंत पोचतो, त्यामुळे रिझ्यूममध्ये आधी वीज आणि रजिस्टर पूर्ववत करा, लाइन शेवटी उघडा. लाइन शेअर्ड (दुसरं डिव्हाइसही तीच वापरणारी) असेल तर मात्र शेजाऱ्याचाही इंटरप्ट बंद पडतो. तिथे डिव्हाइसच्याच रजिस्टरमध्ये इंटरप्ट मास्क (बंद) करून सिंक्रोनाइझ_आयआरक्यू बोलवा.

उठवायचं असेल तर वेक. कर्नल 4.2 पासून प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) डिव्हाइस_इनिट_वेकअप आणि डेव्ह_पीएम_सेट_वेक_आयआरक्यू दिलं की पुरतं. वेक चालू-बंद करणं पीएम कोअर (कर्नलचा पॉवर मॅनेजमेंटचा भाग) सांभाळतं. खरी मेख उठताना आहे. अडवून ठेवलेला हँडलर रिझ्यूम_डिव्हाइस_आयआरक्यूज झाल्यावर लगेच चालतो, म्हणजे साध्या रिझ्यूम कॉलबॅकच्या आधी. आयटूसी कंट्रोलर नोआयआरक्यू टप्प्यातच जागा होत असेल तर प्रश्न नाही. नसेल तर तीच एरर पुन्हा. मॅक्स77686 या पीएमआयसीच्या (वीज सांभाळणाऱ्या चिपच्या) ड्रायव्हरने यावर सस्पेंडमध्ये वेक चालू आणि लाइन बंद असं दोन्ही केलं आहे. ही जोडी वापरण्याआधी तुमचा इंटरप्ट कंट्रोलर मास्क केलेल्या लाइनवरूनही जागा होतो का, हे तपासा. सगळे होत नाहीत.

नो_सस्पेंड टचस्क्रीनला लावूच नका. तो टायमरसारख्या, झोपेच्या वाटेवरही चालूच राहायला हव्या अशा इंटरप्टसाठी आहे. त्याने मशीन उठेलच याची हमी नाही, आणि शेअर्ड लाइनवर झोपलेल्या शेजाऱ्यांचेही हँडलर चालतात. शेजाऱ्याने नो_सस्पेंड लावलेलाच असेल, तर आपल्या बाजूने आयआरक्यूएफ_कंड_सस्पेंड द्या, पण हँडलरला झोपलेल्या स्थितीत चालणं झेपत असेल तरच.

तपासायला आरटीसीवेक या कमांडने 20 सेकंदांची झोप लावा आणि झोपेत शिरतानाच स्क्रीनवर बोट फिरवत राहा. सिसएफएसच्या (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलसिस्टमच्या) पॉवर डिरेक्टरीतली पीएम_वेकअप_आयआरक्यू फाइल कोणत्या लाइनने उठवलं ते सांगते. त्यासाठी कर्नल बिल्डमध्ये पीएम स्लीप डिबग चालू हवं.